स्टॅग फील्ड: फुटबॉलच्या स्टेडियमखाली पेटलेली पहिली अणुभट्टी

१९४२ सालच्या हिवाळ्यात शिकागोत कडाक्याची थंडी पडली होती. शिकागो विद्यापीठाच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमवर पहारा देणाऱ्यांचे फार हाल चालले होते. स्टँडखालच्या त्या जागेत उबेची कसलीच सोय नव्हती. तेलाच्या रिकाम्या पिंपांत कोळसा पेटवून पाहिला, पण धुरानं सगळ्यांचा जीव घुसमटला. मग कुणाला तरी खेळाडूंच्या जुन्या लॉकरमध्ये रॅकून नावाच्या प्राण्याच्या केसाळ कातड्याचे जाडजूड कोट सापडले. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना या कोटांचं भारी वेड होतं. फुटबॉलच्या वैभवाच्या दिवसांत कधीतरी ते तिथे राहून गेले असणार. पहारेकऱ्यांनी ते अंगावर चढवले आणि आपापल्या जागी उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे, स्टँडच्या पोटात, जगातली पहिली अणुभट्टी रचली जात होती.

पहिली अणुभट्टी 'एका स्क्वॉश कोर्टात' सुरू झाली, एवढं वाक्य आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं आणि वाचून पुढे गेलेलो असतो. मला मात्र त्या वाक्यापाशी नेहमी थांबावंसं वाटतं. एवढं मोठं स्टेडियम, भरवस्तीत, युद्धाच्या ऐन धामधुमीत रिकामं कसं पडलं होतं? ते कळण्यासाठी आधी फुटबॉलकडे जावं लागतं. अणू त्यानंतर.

मैदानाची पन्नास वर्षं

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचं आणि आडव्या येणाऱ्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा हा धसमुसळा खेळ.

शिकागो विद्यापीठात पहिले वर्ग १८९२ साली भरले. पैसा प्रामुख्यानं तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलरचा, आणि पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. नव्या विद्यापीठाचं नाव देशभर व्हायला हवं, आणि खेळ हा त्याचा एक रस्ता आहे, हे हार्परनी ओळखलं होतं. येल विद्यापीठात आपल्या हाताखाली शिकलेल्या अमोस अलोन्झो स्टॅग या तरुणाला त्यांनी बोलावून घेतलं आणि प्राध्यापकाच्या दर्जाची कायम नोकरी दिली. खेळाच्या प्रशिक्षकाला असा मान देणं त्या काळी अगदीच नवलाचं होतं. मैदानासाठी जमीन मिळाली शिकागोतले बडे दुकानदार मार्शल फील्ड यांच्याकडून, आणि मैदानाला त्यांचंच नाव दिलं गेलं. इंग्रजीत फील्ड म्हणजे मैदान आणि देणाऱ्याचं आडनावही फील्ड, असा योग जुळून आला. पुढे स्टॅग यांच्या हयातीतच त्यांचं नाव मैदानाला लागलं.

१८९३ पासून तिथे सामने होऊ लागले. आधी लाकडी बाकं होती, नंतर काँक्रीटचे स्टँड उभे राहिले. पश्चिमेकडचा स्टँड एलिस अ‍ॅव्हेन्यूला लागून होता आणि बाहेरून किल्ल्याच्या तटासारखा दिसायचा, वर कंगोरे काढलेला. वाढत वाढत १९२० च्या दशकात ५० हजारांहून जास्त माणसं बसतील एवढी या स्टेडियमची ताकद झाली.

इथल्या सामन्यांपैकी १९०५ सालचा मिशिगनविरुद्धचा सामना जुनी माणसं विसरली नाहीत. मिशिगनचा संघ त्याआधी सलग ५६ सामन्यांत हरलेला नव्हता. शिकागोनं त्यांना २-० असं हरवलं. या खेळात गुण भराभर वाढतात, त्यामुळे दोन विरुद्ध शून्य हा निकाल म्हणजे तासभर दोन भिंती एकमेकींना रेटत होत्या असं समजायचं. १९२२ साली याच मैदानावरच्या प्रिन्स्टनविरुद्धच्या सामन्याचं वर्णन टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्कला गेलं आणि तिथून रेडिओवर ऐकवलं गेलं. इतक्या लांबून सामना 'ऐकणं' तेव्हा लोकांना चमत्कारासारखं होतं. १९३५ साली शिकागोचा जे बरवँगर हा पुढे 'हाइझमन' नावानं गाजलेल्या चषकाचा पहिलाच मानकरी ठरला. या बरवँगरला अडवताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली आणि तिचा व्रण जन्मभर राहिला. तो खेळाडू म्हणजे जेराल्ड फोर्ड, पुढचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष.

पण बरवँगर चमकत होता तेव्हा संघ खचत चालला होता. आसपासच्या राज्य विद्यापीठांत विद्यार्थी हजारोंनी वाढले होते आणि तिथे फुटबॉलवर भरपूर पैसा ओतला जात होता. शिकागोचे नवे अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स १९२९ साली अवघ्या तिशीत या पदावर आले होते. विद्यापीठ हे अभ्यासासाठी आहे, खेळाडू जमवण्यासाठी अभ्यासाची पातळी उतरवायची नाही, यावर ते ठाम होते. स्टॅग यांना १९३२ साली वयाच्या सत्तरीत निवृत्त व्हावं लागलं, तेही त्यांच्या मनाविरुद्ध. चाळीस वर्षांची त्यांची कारकीर्द तिथे संपली. १९३९ च्या हंगामात मिशिगननं शिकागोला ८५-० असं धुतलं. हार्वर्डनं ६१-०, ओहायो स्टेटनंही ६१-०. त्या डिसेंबरात हचिन्स यांनी विद्यापीठाचा फुटबॉल संघच बंद करून टाकला.

हा निर्णय मला फार धाडसाचा वाटतो. एवढी परंपरा, एवढं बांधकाम, माजी विद्यार्थ्यांचा एवढा जीव अडकलेला, आणि तरीही एका विद्यापीठानं सांगितलं की हे आमचं काम नव्हे. असं करणारी उदाहरणं तेव्हाही थोडी होती आणि आजही थोडीच आहेत. तोटा एकच झाला, स्टेडियमला काम उरलं नाही. स्टँडखाली रॅकेटनं खेळायचे बंदिस्त कोर्ट होते. त्यातला एक सुमारे ६० फूट लांब, ३० फूट रुंद आणि २६ फूट उंच होता.

साखळी म्हणजे नेमकं काय

आता अणूकडे. १९३८ च्या अखेरीस बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना दिसलं की युरेनियमवर न्यूट्रॉन, म्हणजे अणुकेंद्रातले विद्युतभार नसलेले कण, आदळले की त्यातून बेरियमसारखं बरंच हलकं मूलद्रव्य निघतं. लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला: युरेनियमचं अणुकेंद्र चक्क दुभंगतं. यालाच विखंडन म्हणतात. दुभंगताना ऊर्जा निघते, आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉनही बाहेर पडतात. त्या न्यूट्रॉननी आणखी केंद्रं फोडली, त्यातून आणखी न्यूट्रॉन निघाले, की झाली साखळी. लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाला अशा साखळीची कल्पना १९३३ मध्येच, विखंडन माहीतही नसताना, सुचली होती.

पण कल्पना सुचणं आणि साखळी टिकणं यांत बरंच अंतर आहे. शेगडीतला एकच निखारा चिमट्यानं उचलून बाजूला ठेवा, थोड्या वेळात तो विझतो. उष्णता सगळ्या बाजूंनी निसटते. तेच दहा-वीस कोळसे एकत्र रचले की एकाची धग दुसऱ्याला मिळते आणि शेगडी पेटती राहते. न्यूट्रॉनचंही काहीसं तसंच. ढीग लहान असेल तर ते कुणालाही न फोडता पृष्ठभागातून बाहेर निसटून जातात. ढीग पुरेसा मोठा असेल तर निसटणारे कमी आणि उपयोगी पडणारे जास्त.

शिवाय न्यूट्रॉनचे दुसरेही शत्रू असतात. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये सहज दुभंगणारा प्रकार, म्हणजे युरेनियम-२३५, शंभरात एक भागसुद्धा नसतो, जेमतेम ०.७ टक्के. बाकी जवळजवळ सगळं युरेनियम-२३८, आणि ते न्यूट्रॉन गिळून बसतं. विखंडनातून निघणारे न्यूट्रॉन अतिशय वेगवान असतात. ते हळू झाले तर युरेनियम-२३५ ला फोडण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. म्हणून त्यांचा वेग कमी करणारा पदार्थ लागतो. त्याला मंदायक म्हणतात.

वेग कमी कसा होतो? गोट्या खेळलेल्यांना हे सांगायची गरज नाही. गोटी दगडी भिंतीवर आपटली तर जवळपास त्याच वेगानं परत येते. दुसऱ्या गोटीवर आपटली तर आपला वेग तिला देऊन टाकते. म्हणजे मंदायकाची केंद्रं हलकी हवीत. पण हलकी असून ती स्वतःच न्यूट्रॉन गिळणारी असतील तर काय उपयोग? साधं पाणी वेग छान कमी करतं, पण थोडे न्यूट्रॉन खातं, आणि नैसर्गिक युरेनियम वापरताना तेवढीही उधळपट्टी परवडत नाही. उरतात दोन पर्याय: जड पाणी, म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड प्रकारचा असतो असं पाणी, किंवा शुद्ध कार्बन, म्हणजे ग्रॅफाइट. ग्रॅफाइटमध्ये न्यूट्रॉन गिळणाऱ्या बोरॉनचा अंश राहिला तरी सगळं फसतं, इतकं ते शुद्ध असावं लागतं.

हा हिशोब आपल्याकडेही अगदी तसाच लागतो. तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत साधं पाणी चालतं, कारण तिथलं इंधन समृद्ध केलेलं, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं असतं. त्याच आवारातल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम वापरतात, म्हणून तिथे जड पाणी लागतं. शिकागोत १९४२ साली जो पेच होता त्याचीच ही दोन उत्तरं पालघर जिल्ह्यात शेजारी शेजारी उभी आहेत.

ढीग रचला

हा प्रयोग करणारा माणूस एन्रिको फर्मी. इटलीतून आलेला, १९३८ चा नोबेल विजेता. आधी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यानं लहान लहान ढीग रचून मोजमापं घेतली. तिथे जड ग्रॅफाइट आणि युरेनियम वाहून शास्त्रज्ञ मेटाकुटीला आले, तेव्हा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या पोरांना तासाच्या हिशोबानं मजुरीवर लावलं गेलं. ही आठवण फर्मीनं स्वतः सांगितलेली आहे. १९४२ मध्ये सगळं काम शिकागोत आणलं गेलं. तिथे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेचं नाव मुद्दाम 'मेटलर्जिकल लॅबोरेटरी', म्हणजे धातुशास्त्राची प्रयोगशाळा, असं साधं ठेवलं होतं.

मोठी भट्टी खरं तर शहराबाहेर अर्गॉनच्या जंगलात बांधायची होती. पण तिथल्या बांधकामावर कामगारांशी तंटा झाला आणि काम रखडलं. अणुबाँबच्या शर्यतीत जर्मनी आपल्या पुढे असेल ही भीती प्रत्येकाच्या डोक्यात होती. नोव्हेंबरच्या मध्यावर फर्मीनं कॉम्प्टनना सांगितलं की स्टँडखालच्या कोर्टातच रचू, माझी गणितं सांगतात की ती ताब्यात राहील. कॉम्प्टननी होकार दिला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना, म्हणजे हचिन्स यांना, त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर 'नाही' हेच उत्तर मिळालं असतं आणि ते चुकीचं ठरलं असतं, असं त्यांनी नंतर लिहिलं.

इथे मला अडखळायला होतं. फर्मीची गणितं बरोबर होती, हे खरं. पण ३० लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात, शेजारी घरं आणि वर्ग असताना, ज्यांच्यावर धोका येऊ शकत होता त्यांच्यापैकी कुणालाही काही ठाऊक नव्हतं. युद्ध होतं म्हणून ते समजून घेता येतं. योग्य होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१६ नोव्हेंबरला रचायला सुरुवात झाली. वॉल्टर झिन आणि हर्बर्ट अँडरसन यांच्या दोन पाळ्या, दिवसाची आणि रात्रीची. शास्त्रज्ञांच्या जोडीला होती जवळच्या कामगार वस्तीतली, सैन्यात भरती होण्याआधी चार पैसे कमावू पाहणारी तरुण पोरं. ग्रॅफाइटच्या विटा लाकूडकामाच्या यंत्रांवर कापल्या जायच्या. काळा बुकटा सगळीकडे उडायचा, माणसं खाणीतून वर आल्यासारखी दिसायची आणि जमीन घसरडी व्हायची. सुमारे ३५० टन ग्रॅफाइट, सुमारे ३६ टन युरेनियम ऑक्साइड आणि साडेपाच टनांच्या आसपास युरेनियम धातू. विटांचा एक थर भरीव, दुसऱ्या थराच्या विटांना भोकं पाडून त्यांत युरेनियमचे गोळे, पुन्हा भरीव थर. आधाराला लाकडी चौकट. फर्मीनं त्याला सरळ 'पाइल', म्हणजे ढीग, असंच नाव दिलं.

या ढिगात आडव्या दांड्या घातलेल्या होत्या: लाकडी पट्ट्यांवर कॅडमियमचा पत्रा ठोकलेला. कॅडमियम न्यूट्रॉन अधाशासारखं शोषतं. दांड्या आत असल्या की साखळी तुटते, बाहेर ओढल्या की जुळू लागते. प्रत्येक थरानंतर मोजमाप व्हायचं. ५७ वा थर झाला की ढीग पुरेसा होईल, असं फर्मीनं आधीच काढून ठेवलं होतं. १ डिसेंबरच्या रात्री अँडरसनच्या पाळीनं तो थर पुरा केला. दांड्या ओढल्या असत्या तर साखळी त्याच रात्री सुरू झाली असती, पण अँडरसननं फर्मीला शब्द दिला होता. त्यानं दांड्यांना कुलपं घातली आणि तो घरी गेला.

बुधवार, २ डिसेंबर १९४२

सकाळी पन्नासेक माणसं जमली. त्यांच्यात एकच स्त्री होती, लिओना वूड्स, तेवीस वर्षांची भौतिकशास्त्रज्ञ. पूर्वी जिथून खेळ बघायचा त्या सज्जात मोजणारी यंत्रं मांडली होती. जॉर्ज वाइल शेवटची दांडी हातानं ओढायला खाली उभा होता. दोरीला टांगलेली एक आणीबाणीची दांडी होती, आणि गरज पडली तर ती दोरी तोडायला नॉर्मन हिलबेरी कुऱ्हाड घेऊन उभा. ढिगाच्या वर तिघेजण कॅडमियमच्या द्रावणाची भांडी घेऊन बसलेले. सगळंच हाताबाहेर गेलं तर ते द्रावण ओतायचं होतं.

फर्मी दांडी थोडीशी ओढायला सांगायचा, आकडा कुठे जाऊन थांबेल ते आधी बोलून दाखवायचा, आणि आकडा तिथेच थांबायचा. दुपारच्या आधी एक आपोआप पडणारी दांडी खाडकन आत पडली, कारण तिची मर्यादा फार खाली ठेवली गेली होती. सगळे दचकले. फर्मी शांतपणे म्हणाला, भूक लागली, जेवायला जाऊ.

साडेतीनच्या सुमारास त्यानं वाइलला दांडी शेवटची एक फूट ओढायला सांगितली. या वेळी यंत्रांची टिकटिक वाढत गेली आणि थांबली नाही. कागदावरची रेघ वर चढत राहिली. साखळी स्वतःच्या जोरावर चालू झाली होती.

मग ती भडकली का नाही? हा भाग सांगितल्याशिवाय गोष्ट अर्धीच राहते. त्या दिवशी एका पिढीत १०,००० न्यूट्रॉन असतील तर पुढच्या पिढीत १०,००६ होत होते. पिढी म्हणजे सेकंदाचा अगदी नगण्य भाग, त्यामुळे एवढी वाढसुद्धा क्षणात डोंगराएवढी व्हायला हवी. पण विखंडनातून निघणारे सगळेच न्यूट्रॉन लगेच निघत नाहीत. शंभरात एकाहूनही कमी, पण काही न्यूट्रॉन सेकंदाच्या अंशापासून मिनिटभरापर्यंत उशिरानं निघतात. घरखर्चाचं उदाहरण घ्या. पगारातून खर्च नेमका भागत नाही, थोडे पैसे कमी पडतात आणि ते उधारी वसूल झाल्यावरच मिळतात. मग तुमचा सगळा व्यवहार त्या उशिरा येणाऱ्या पैशांच्या चालीनं चालतो. फर्मीचा ढीग तसा होता. लगेच निघणाऱ्या न्यूट्रॉनवर साखळी टिकत नव्हती, उशिरा येणाऱ्यांची वाट पाहावी लागत होती. म्हणून जोर दुप्पट व्हायला दोनेक मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात माणूस हातानं दांडी आत ढकलू शकतो. आजच्या प्रचंड अणुभट्ट्याही याच उधारीच्या भरवशावर ताब्यात राहतात.

थोड्या वेळानं फर्मीनं दांडी आत घालायला लावली. ऊर्जा निर्माण झाली ती जेमतेम अर्धा वॅट, विजेरीतला दिवाही नीट लागणार नाही एवढी. म्हणूनच भोवती भिंतीचं कवच नसताना आणि थंड करायची कसलीही सोय नसताना निभावलं. भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी जपून ठेवलेली इटालियन वाइनची बाटली काढली. कागदी पेल्यांतून सगळ्यांनी थोडी थोडी घेतली आणि बाटलीच्या वेष्टनावर सह्या केल्या. कॉम्प्टननी हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांना फोनवर सांकेतिक भाषेत सांगितलं की इटालियन दर्यावर्दी नव्या जगात उतरला आहे. गर्दी पांगल्यावर झिलार्ड आणि फर्मी मागे राहिले. झिलार्डनं फर्मीचा हात हातात घेतला आणि म्हणाला, मानवजातीच्या इतिहासात हा दिवस काळा दिवस म्हणून नोंदला जाईल.

झिलार्डला कारण होतं. युरेनियम-२३८ जे न्यूट्रॉन गिळतं त्यातून शेवटी प्लुटोनियम बनतं, आणि ते बाँबला चालतं. हे मोठ्या प्रमाणावर जमेल का, ते पाहण्यासाठीच हा ढीग रचला होता. १९४४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला मोठी अणुभट्टी सुरू झाली. तिथल्या प्लुटोनियमचा बाँब ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडला.

स्टेडियमचं पुढे काय झालं

ढीग त्या खोलीत तीनच महिने राहिला. १२ डिसेंबरला २०० वॅटपर्यंत नेऊन पाहिला, पण आजूबाजूच्या लोकांना किरणोत्सर्गाचा धोका नको म्हणून त्यापुढे नेला नाही. १९४३ च्या सुरुवातीला तो सुटा करून शहराबाहेरच्या रेड गेट वूड्समध्ये नव्यानं, या वेळी कवच घालून, उभा केला गेला. अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेची सुरुवात तिथली. भारतात या वाटेवरचं पहिलं पाऊल ४ ऑगस्ट १९५६ ला पडलं, जेव्हा तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली.

पश्चिमेकडचा स्टँड १९५७ मध्ये पाडला. आज ती खोली असती तर, असं मला फार वाटतं. त्या भिंती, तो सज्जा, तो काळा बुकटा बसलेली जमीन. पण तेव्हा कुणाला त्या जुन्या काँक्रीटचं मोल वाटलं नसावं. २ डिसेंबर १९६७ ला, बरोबर पंचवीस वर्षांनी, तिथे हेन्री मूर यांचं 'न्यूक्लिअर एनर्जी' हे ब्राँझचं शिल्प उघडलं गेलं. बारा फूट उंच. एका बाजूनं ते माणसाच्या कवटीसारखं दिसतं आणि दुसऱ्या बाजूनं अणुस्फोटाच्या ढगासारखं. मैदानाच्या उरलेल्या जागेवर १९७० मध्ये रेगनस्टाइन ग्रंथालय उभं राहिलं आणि २०११ मध्ये त्याच्या शेजारी काचेच्या घुमटाचं मॅन्सुएटो ग्रंथालय. त्याच्या पोटात जमिनीखाली पन्नास फूट खोलवर ३५ लाख ग्रंथ मावतात.

विद्यापीठाचा फुटबॉल संघ १९६९ मध्ये परत आला. खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांच्या गटात तो आज खेळतो, जवळच्याच एका साध्या मैदानावर. त्या मैदानाचं नाव स्टॅग फील्डच आहे, आणि जुन्या स्टेडियमचं एक दार तिथे नेऊन बसवलेलं आहे.